धर्मग्रामाचा पैसा शेवटच्या बिलात नको. बिलाच्या आधी आणि नंतर लावा

प्रश्न असा आहे. वसई धर्मप्रांतातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या पॅरिशमध्ये, साधारण ५०० कुटुंबं आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला येणाऱ्या जागतिक रुग्णदिनी, बऱ्यापैकी पैसे जमतात. जवळच सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, चालवतात ते ट्रस्ट हॉस्पिटल आहे. जमलेली रक्कम कुणाच्या तरी डिस्चार्जच्या दिवशीच्या बिलात भरली जाते, दोन-तीन रुग्णांत संपते आणि पुढचे आठ-नऊ महिने येणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवावं लागतं. तरुणांना वॉर्डात सेवाही करायची आहे. हे सगळं नीट कसं उभं करावं?

आधी पैशाचं बघू, कारण बाकीचं त्यावर ठरतं. शेवटचं बिल ही दानासाठी सगळ्यांत वाईट जागा. तिथे रक्कम मोठी असते, वेळ उरलेला नसतो आणि जो खर्च कायद्यानं किंवा योजनेनं उचलायला हवा होता तो आपण उचलून बसतो. ८० हजारांच्या बिलात तुमचे १५ हजार गेले तर कुटुंबाचं कर्ज थोडं कमी होतं, इतकंच. तेच १५ हजार पहिल्या दोन दिवसांत योग्य ठिकाणी लागले असते, तर कदाचित ते बिल आलंच नसतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१-एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ मध्ये लागू झालेली योजना प्रत्येक मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलला बांधील आहे, मग ते देवस्थानचं असो, पारशी ट्रस्टचं असो की सिस्टरांचं. चालू खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या. बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे सगळे ज्याला आयपीएफ म्हणतात त्यात, बाजूला ठेवायची. या दोन्ही गटांतल्या रुग्णाला उपचार सगळ्यांत स्वस्त वॉर्डाच्या दरानं आणि औषधं, इम्प्लांट हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला लावायची. दुर्बल घटकातला रुग्ण औषधं आणि इम्प्लांटची किमान निम्मी रक्कम भरतो, निर्धनाचा सगळा खर्च आयपीएफमधून वळता होतो. निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आधी वर्षाला अनुक्रमे ८५,००० आणि १,६०,००० होती, ती वाढवून १,८०,००० आणि ३,६०,००० झाली. अनेक कुटुंबांच्या डोक्यात अजून जुने आकडे आहेत, म्हणून ती अर्जच करत नाहीत. चर्चच्या फलकावर हे आकडे लावणं, ही तुमची पहिली बिनपैशाची सेवा.

तातडीचा रुग्ण असेल तर कागदांसाठी थांबवता येत नाही. अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात, कागद मागाहून येतात. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही स्वयंसेवकांना ठाऊक हवं. ते सांगताना आवाज चढवायची गरज नसते. मेडिकल सोशल वर्करच्या टेबलाशी बसून शांतपणे बोललं की बहुतेक वेळा काम होतं.

मग अडतं कुठे? कागदांत. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, मग तहसीलदाराची सही. 'आपले सरकार'वरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज केला तरी काही दिवस जातात, आणि रुग्णाचा माणूस आयसीयूबाहेर बसलेला असतो, त्याला उठता येत नाही. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर नावाच्या स्पेलिंगवर गाडी अडते. रेशनकार्डावर 'डिसोजा', आधारवर 'डिसूझा', हॉस्पिटलच्या केसपेपरवर तिसरंच काही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. तान्ह्या बाळाचं नाव कुठेच नसतं. प्रत्येक धर्मग्रामात बँकेतून, पालिकेतून, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली दोन-तीन माणसं असतात. त्यांना मोटरसायकलवाला एक तरुण जोडून द्या. दाखल झाल्यापासून २४ तासांत रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राकडे किंवा सोशल वर्करकडे पोचायचं, एवढंच त्यांचं काम. वॉर्डात फळं वाटणाऱ्या दहा जणांपेक्षा हे तिघं रुग्णाच्या जास्त उपयोगी पडतात. हे माझं ठाम मत आहे.

आता दानाचा पैसा कुठे लावायचा? कायदा आणि योजना उपचाराचं बघतात, आणि ते उपचार जिथे सुरू होतात आणि जिथे थांबतात तिथल्या फटींत माणूस अडकतो. धर्मग्रामाचा पैसा त्या फटींसाठी राखा.

डायलिसिसचंच घ्या. आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास, म्हणजे महिन्याला १३ फेऱ्या. डायलिसिस योजनेत बसतं, हॉस्पिटल ते मोफत करतं. पण अर्नाळ्याहून किंवा आतल्या वाडीतून रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला येण्या-जाण्याचे समजा १६० रुपये धरले, तर महिन्याचे २,०८० होतात, शिवाय सोबत्याचे १३ दिवस बुडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुटुंब 'या वेळी दोनदाच जाऊ' म्हणायला लागतं. इथून घसरण सुरू होते. अंगात पाणी साचतं, पोटॅशियम वाढतं, आणि एका रात्री दम लागून रुग्ण आयसीयूत येतो. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या रुग्णाला शनिवार-रविवारचं लांब अंतर पडतं. त्यात सोमवारची फेरी चुकली तर ते अंतर चार दिवसांचं होतं, आणि धोका सगळ्यांत जास्त तेव्हाच असतो. म्हणून नाताळ, ईस्टर, गावची जत्रा यांच्या आठवड्यात गाडी नक्की असलीच पाहिजे. युनिटच्या इन्चार्ज सिस्टरकडून सणाच्या आठवड्याचं बदललेलं वेळापत्रक १५ दिवस आधी मागून घ्या.

सात आसनी एक गाडी पुरते. एकाच भागातले रुग्ण एकाच पाळीत बसवून द्यायची विनंती युनिटला करा. बहुतेक ठिकाणी पहिली पाळी सकाळी सहा-सातला लागते आणि ती कामावर जाणाऱ्या सोबत्यालाही बरी पडते. चालकाला आणि सोबत बसणाऱ्याला तीन गोष्टी शिकवा. एक, डायलिसिस झाल्यावर लगेच निघायचं नाही. रक्तदाब खाली गेलेला असतो, २०–३० मिनिटं बसवून, काही खायला देऊन मग उठवायचं. दोन, ज्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशननं जोडलेली शीर) आहे तो हात धरून कधीही उतरवायचं नाही, त्या हातावर पिशवी अडकवायची नाही. तीन, वाटेत सुईच्या जागेतून रक्त आलं तर गाडी थांबवून स्वच्छ गॉज ठेवून बोटानं दहा मिनिटं सलग दाबायचं. मधेमधे उचलून बघायचं नाही, कारण बघितलं की गुठळी निघते. थांबलं नाही तर परत हॉस्पिटल.

इथेच वसईकरांना एक कळकळीची विनंती. डायलिसिसच्या रुग्णाला भेटायला जाताना केळी आणि शहाळं नेऊ नका. आपल्याकडे प्रेमानं नेण्याच्या याच दोन वस्तू, आणि दोन्हींत पोटॅशियम भरपूर. सुक्या मासळीतलं मीठ तहान वाढवतं, तेही टाळा. न्यायचंच असेल तर सफरचंद, आणि तेही आहारतज्ज्ञाला विचारून.

दुसरी फट दाखल होण्याआधीची. योजनेच्या मंजुरीसाठी आजार सिद्ध करणारे रिपोर्ट लागतात, कुठे इको, कुठे सीटी, कुठे बायोप्सी. ते बाहेर, स्वतःच्या खिशातून करावे लागतात. तीन-चार हजारांसाठी गाठ महिनोन्महिने तशीच राहते. पाच लाखांची योजना दारात आणि आत जाण्याचा रस्ता चार हजारांचा. इथे घातलेल्या रुपयाला सगळ्यांत जास्त फळ येतं. तिसरी फट सोबत्याच्या जेवणाची: कँटीनची कुपनं द्या, रोकड नको. चौथी डिस्चार्जनंतरची: मोठ्यांचे डायपर, ड्रेसिंगचं सामान, पुढच्या तपासणीचं भाडं. योजनेतला फॉलोअप थोड्याच दिवसांचा असतो, जखम मात्र महिनाभर भरत असते.

५०० कुटुंबांनी महिन्याला ५० रुपये दिले तर २५,००० होतात. त्याची वाटणी अशी करून बघा: सहा डायलिसिस रुग्णांच्या प्रवासाला १२,५००, दाखल होण्याआधीच्या तपासण्यांना ५,०००, जेवणाच्या कुपनांना ३,०००, डिस्चार्जनंतरच्या सामानाला २,५००, आणि २,००० शिल्लक. सहा महिन्यांनी खरा खर्च बघून आकडे हलवा. वर्षातून एकदा येणाऱ्या दीड लाखापेक्षा दरमहा येणारे २५ हजार मोलाचे, कारण रुग्णाला 'पुढच्या महिन्याचीही काळजी करू नका' असं सांगता येतं. शुभवर्तमानातल्या दाखल्यातला शोमरोनी प्रवासी वाटेत सापडलेल्या जखमीला उतारशाळेत पोचवून निघून जात नाही. उतारशाळेवाल्याला आधी दोन दीनार देतो आणि वर जो खर्च होईल तो परत येताना देईन म्हणतो. पहिल्या दिवसाचा पैसा आणि पुढच्याची हमी, या निधीची रचना हुबेहूब तीच ठेवायची आहे.

निधी कुठे ठेवायचा याचा नीट विचार करा. गरीब रुग्णांच्या उपचारासाठी म्हणून हॉस्पिटलला दिलेली देणगी आयपीएफमध्ये जाते आणि तिथून उपचारच होतात. प्रवासभाडं, जेवण, डायपर त्यातून देता येत नाहीत. म्हणून फटींचा निधी धर्मग्रामाच्या ट्रस्टकडे वेगळ्या खातेवहीत ठेवा आणि खर्चाची शिफारस मात्र हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून घ्या. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, १२६७ वा नियम सांगतो की भाविकांनी एका हेतूनं दिलेलं अर्पण त्याच हेतूसाठी वापरायचं. डायलिसिससाठी जमवलेल्या पैशातून पार्किंगचे पेव्हर ब्लॉक बसवणं हिशेबात चूक आहेच, दात्याचा शब्द मोडणंही आहे. पाकिटावर हेतू छापताना म्हणून 'रुग्णसेवा: प्रवास, तपासणी, जेवण व घरच्या शुश्रूषेचं साहित्य' असा पुरेसा रुंद मजकूर ठेवा. एकाच रुग्णाच्या नावानं आवाहन करणं शक्यतो टाळा. तो रुग्ण दुर्दैवानं गेला तर उरलेल्या रकमेचं काय करायचं हा पेच पडतो. करावंच लागलं तर 'उरलेली रक्कम अशाच रुग्णांसाठी' ही ओळ पहिल्या दिवसापासून छापा.

मंजुरीला वेळ लागला की निधी मरतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटी बसणार आणि मग ठरणार, अशा पद्धतीत रुग्ण तोवर घरी गेलेला असतो किंवा देवाघरी. ३,००० रुपयांपर्यंत सोशल वर्कर आणि धर्मग्रामाचा एक प्रतिनिधी अशा दोघांच्या सहीनं त्याच दिवशी. १०,००० पर्यंत तिघांनी फोनवर बोलून २४ तासांत. त्यावर कमिटी. अर्ज एका पानाचा: नाव, वॉर्ड, काय हवंय, किती, योजनेत का बसत नाही, पैसे कुणाला दिले. 'योजनेत का बसत नाही' ही ओळ भरल्याशिवाय सही नको, कारण तीच ओळ तुमचा निधी वाचवते. पैसे शक्य तिथे थेट लॅबला, मेडिकल स्टोअरला, रिक्षावाल्याला द्या. धर्म, धर्मग्राम, मिस्साला (चर्चच्या उपासनेला) येतो की नाही, हे रकाने अर्जात असता कामा नयेत. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात 'मी आजारी होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात' असं आहे. त्या आजाऱ्याची आणखी काही ओळख तिथे विचारलेली नाही.

मोठा खर्च योजनेबाहेर गेलाच, तर एकट्या धर्मग्रामानं तो अंगावर घेऊ नये. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, इतर ट्रस्ट यांच्याकडे एकाच वेळी अर्ज जायला हवेत. त्यासाठी डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, आजाराचे रिपोर्ट आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मदत सहसा हॉस्पिटलच्या नावानं येते, त्यामुळे अंदाजपत्रकावर हॉस्पिटलचं खात्यातलं नेमकं नाव असू द्या. ट्रस्टचं नाव एक आणि हॉस्पिटलचं दुसरं असलं की चेक परत जातो. आणि ऑपरेशन होऊन बिल भरून झाल्यावर अर्ज करून बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही.

करांबद्दल थोडक्यात, पण नीट वाचा. ट्रस्टकडे प्राप्तिकरातल्या ८०-जीची मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीतल्या दात्याला देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती मिळत नाही. ट्रस्टनं दात्यांचं वार्षिक विवरण भरून प्रमाणपत्र काढून द्यावं लागतं, म्हणून पावतीवर पॅन घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. दानपेटीचं मात्र बहुतेकांना माहीत नसतं. हॉस्पिटलसाठी ठेवलेल्या पेटीतलं बिननावाचं दान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं, तर त्यावर ३० टक्के कर लागतो. ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी मोठी असेल ती. नाव-पत्ता छापलेली मासिक पाकिटं ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

आखातातल्या आणि परदेशातल्या नातेवाइकांचं दान हा आपल्याकडचा खास विषय. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस मस्कतमधून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्गे पैसे पाठवतो, तेव्हा ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या ज्या नातेवाइकानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, तो भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा धारक असला तरी कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत आहे. त्याचे ५,००० रुपयेसुद्धा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेनं, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. म्हणजे धर्मग्रामाच्या ट्रस्टनं घेऊन हॉस्पिटलला द्यायचा, हा मार्ग बंद. अशा दात्याला हॉस्पिटलची स्वतःची नोंदणी आहे का ते विचारायला सांगा आणि थेट तिथे पाठवा. पैसे पाठवणाऱ्याला पासपोर्ट कुठला हे विचारायला संकोच वाटतो, पण क्यूआर कोडवर भलतीच रक्कम येऊन संस्थेची नोंदणी धोक्यात येण्यापेक्षा तो संकोच परवडला.

वस्तुरूप दानात औषधं घेऊच नका. अर्धी कापलेली पट्टी, जिचा बॅच नंबर आणि मुदत कापून गेली आहे, ती कुठलाही जबाबदार फार्मासिस्ट वापरणार नाही. उन्हात गाडीत राहिलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असतं, पण कामाचं राहिलेलं नसतं. त्याऐवजी घरच्या शुश्रूषेच्या साहित्याची पेढी काढा: चार व्हीलचेअर, चार वॉकर, दोन कमोड खुर्च्या, तीन एअर मॅट्रेस, डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारे दोन फाउलर बेड आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पाच लिटरचा एक कॉन्सन्ट्रेटर. सुरुवातीला एवढं खूप झालं. जागा कोरडी हवी. वसईच्या पावसात पडवीत ठेवलेला बेड एका मोसमात गंजतो.

साहित्य देताना पाच मिनिटं वापर समजावला नाही, तर ते देऊन काही उपयोग नाही. एअर मॅट्रेसवर लोक जाड सतरंजी घालतात, मग हवेच्या नळ्यांचा दाब अंगापर्यंत पोचतच नाही. वर एकच पातळ सुती चादर घालायची. रुग्णाच्या माकडहाडाखाली, मॅट्रेसच्या खालून, तळहात सरकवून बघा: हात आणि अंग यांच्यामध्ये साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. टेकलं तर पंपाचा दाब वाढवा. चादरीला सेफ्टी पिन लावायची नाही. निम्म्या मॅट्रेस त्याच पिनेनं जातात. आणि मॅट्रेस असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच.

कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून फूटभर लांब, त्याची जाळी आठवड्यातून एकदा धुवायची, बाटलीतलं उकळून गार केलेलं पाणी रोज बदलायचं. वीज गेली की यंत्र बंद, म्हणून पावसाळ्यात बी टाइप सिलिंडर सोबत द्या. त्यात १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरनं तो साधारण १२ तास जातो. त्या खोलीत आल्तारावरची मेणबत्ती, देव्हाऱ्यातली समई, उदबत्ती, विडी, काहीही पेटवायचं नाही. हे लिहून यंत्रावर चिकटवा.

परत आलेलं साहित्य आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मगच १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) लावून दहा मिनिटं ठेवायचं. मळावर जंतुनाशक लावून काही होत नाही. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते कात्रीनं काढा, नाहीतर खुर्ची एका बाजूला ओढते आणि लोक ती मोडली म्हणून टाकून देतात. वस्तू परत न येण्याचं कारण बहुधा दुःख असतं, क्वचितच लबाडी. माणूस गेलेल्या घरी तो बेड उचलायला कुणाचा हात धजत नाही. ख्रिस्ती घर असेल तर महिन्याच्या मिस्सानंतर, हिंदू घर असेल तर तेरावं झाल्यावर दोघांनी जाऊन, थोडा वेळ बसून, स्वतः वस्तू उचलून आणावी. फोनवरून 'बेड परत करा' म्हणू नये.

रक्तदान शिबिराची चूक एकच, ती म्हणजे सगळं एका दिवशी. नाताळआधी २०० बाटल्या काढल्या तर साध्या साठवणीत तांबड्या पेशी ३५ दिवस आणि प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात. टंचाई पडते मे महिन्याच्या सुटीत आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या वेळी. वर्षात चार शिबिरं, प्रत्येकी ४०–५० दात्यांची, आणि त्याखेरीज बोलावलं की तासाभरात येणाऱ्या २० प्लेटलेट दात्यांची यादी. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० आणि स्त्रीला १२० दिवसांचं अंतर लागतं, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो. राख बुधवार आणि पवित्र शुक्रवारी शिबिर ठेवू नका: उपाशीपोटी आलेले दाते चक्कर येऊन पडतात. उपवासकाळातलाच दिवस हवा असेल तर रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर, नाश्ता देऊन.

स्वयंसेवकांबाबत संख्या लहान ठेवा. १२ माणसं, आठवड्यातून तीन तासांची एक पाळी, सहा महिन्यांची बांधिलकी, आणि नेहमी जोडीनं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्यही घरभेटीला जोडीनं जातात. जोडीमुळे रुग्ण सुरक्षित राहतो, स्वयंसेवकावर आळ येत नाही आणि बाहेर पडल्यावर मनातलं बोलायला माणूस असतो. वॉर्डात जाण्याआधी ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि हिपॅटायटिस बीची लस: शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. प्रत्येक खाटेआधी आणि नंतर हात धुणं. सलाइनला हात लावायचा नाही, रुग्णाला एकट्यानं उचलायचं नाही आणि नर्सला विचारल्याशिवाय घोटभर पाणीही द्यायचं नाही. लकव्याच्या रुग्णाला प्रेमानं पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. फोटो अजिबात नाही. दात्यांना दाखवायला सुद्धा नाही.

कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन जाणाऱ्यांसाठीही तोच प्रश्न पहिला: 'सिस्टर, हे तोंडानं घेतात का?' ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला थांबायला सांगा, प्रार्थना करा, संध्याकाळी परत या. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान तुकडा आणि नर्सच्या संमतीनं चमचाभर पाणी. आजाऱ्याला आणि त्याच्या शुश्रूषेत असणाऱ्याला कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही, त्यामुळे नुकताच चहा घेतला म्हणून कुणाला परत पाठवू नका. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. तो गंभीर आजारातल्या जिवंत माणसासाठी आहे, म्हणून शेवटच्या श्वासाची वाट न बघता लवकर बोलवा. आजूबाजूच्या तीन धर्मग्रामांच्या फादरांनी रात्रीचे वार वाटून घ्यावेत आणि ती यादी प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावावी.

सिस्टरांच्या हॉस्पिटलातले बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती नसतात. त्यांच्यासाठी श्रद्धेची सेवा म्हणजे त्यांना त्यांच्या श्रद्धेनं राहू देणं. कुणाच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं असेल, कुणाला कलमा म्हणायचा असेल, तर पडदा ओढून द्या आणि गिळण्याबद्दल तेवढं नर्सला विचारा. 'प्रार्थना करू का?' हा प्रश्न रुग्णानं विषय काढल्यावरच, आणि मदतीच्या पाकिटात प्रार्थनेचं पत्रक कधीही घालायचं नाही. हातात पैसे घेतलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही. त्याचा होकार खरा नसतो, आणि अशा होकारावर उभं राहिलेलं काही देवाला अर्पण करण्याजोगंही नसतं.

सुरुवात कुठून करायची तर पैसे गोळा करण्यापासून नको. आधी एक महिना दोघांनी सोशल वर्करच्या शेजारी बसून वही ठेवावी: कोण आलं, काय मागितलं, काय मिळालं नाही, का मिळालं नाही. नावं लिहायची नाहीत. त्या वहीतून तुमच्या भागातल्या फटी दिसतील. कदाचित तुमच्याकडे डायलिसिसपेक्षा बाळंतिणींच्या सोनोग्राफीचा खर्च मोठा निघेल, कदाचित आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्यांच्या रात्रीच्या मुक्कामाचा. दुसऱ्या महिन्यात कागदपत्रांची तीन माणसं तयार करा, तिसऱ्या महिन्यात पाकिटं वाटा. पाकिटं वाटायच्या रविवारी वहीतले आकडे मिस्सानंतर दोन मिनिटांत वाचून दाखवा: किती जण आले, किती जण रिक्षाच्या भाड्याअभावी परत आले नाहीत. आणि त्यानंतर दर तिमाहीला त्याच जागेवरून, तसेच दोन मिनिटांत, खर्चाचा हिशेब.